अडगळीतली सायकल शेतात आणा

घरात मोटारसायकल आली आणि जुन्या सायकलीचे दिवस सरले, असे आज कितीतरी घरांत झाले आहे. ती सायकल गोठ्याच्या मागे, पडवीत नाहीतर माळ्यावर गंजत पडलेली असते. तिच्या हॅण्डलला दाव्याचे वेटोळे, कॅरियरवर रिकाम्या गोण्या. एखाद्या दिवशी भंगारवाला येतो, काटा लावतो आणि किलोच्या भावाने घेऊन जातो. चार पैसे हाती पडतात आणि आपल्याला वाटते, बरे झाले, अडगळ गेली.

पण थांबा. ती सायकल देण्याआधी हा लेख वाचा. ज्या घरी बैलजोडी राहिली नाही, ट्रॅक्टरचे भाडे परवडत नाही आणि खुरपणीला माणूस मिळत नाही, त्या घरी ही अडगळ अजून दहा वर्षे राबू शकते. हे आम्ही हवेत बोलत नाही. जळगाव जिल्ह्यापासून आफ्रिकेतल्या मलावीपर्यंत लोकांनी हे करून दाखवले आहे.

एका सायकलीत किती यंत्रे?

आपण सायकलीला सायकल म्हणतो, तिथेच फसतो. नाव काढून टाका आणि नुसती कामे बघा.

पहिले काम चाकाचे. चाकाच्या आसात वाटी, कोन आणि छर्रे असतात. छर्र्यांमुळे घासणे जवळजवळ संपते, म्हणून दोन पोती लादलेली सायकल एक माणूस ढकलत नेतो. तीच पोती डोक्यावर घेऊन तो किती चालेल? पुढचे चाक आणि त्याला धरणारा चिमटा एवढाच भाग वेगळा काढलात, तर ओझे वाहणारे आणि वाट दाखवणारे एक यंत्र तयार आहे.

दुसरे काम चेनचे. पायडलजवळच्या मोठ्या चकतीला मागच्या लहान चकतीच्या अडीचपट दात असतील, तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक अडीच फेऱ्या घेते. म्हणजे पायाची सावकाश चाल वेगात बदलते. मळणी असो, दळण असो, पाणी उपसणे असो, फिरणाऱ्या प्रत्येक कामाला हे उपयोगी.

तिसरे काम फ्रीव्हीलचे. पाय थांबले तरी चाक फिरत राहते आणि उलटे पायडल मारले तर काहीच होत नाही. थकलेल्या माणसाला दम खाता येतो आणि यंत्राची गतीही एकदम तुटत नाही.

चौथे काम डायनामोचे. बाटलीसारखा हा छोटा डायनामो टायरला घासून फिरतो. टायर मोठा, डायनामोची टोपी लहान, त्यामुळे चाकाच्या एका फेरीत ती टोपी पंचवीस-तीस वेळा फिरते आणि दिवा लागतो. हे एक लहानसे वीजघरच आहे.

राहिली ट्यूब. तिचे उपयोग तुम्हाला सांगायला नकोत. फुटलेल्या पाइपाला ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची आणि वेळ भागवायची, हे शेतात कोणी केले नाही?

शेंदुर्णीचे सायकल कोळपे

जळगाव जिल्ह्यात जामनेर तालुक्यात शेंदुर्णी हे गाव आहे. तिथले गोपाळ मल्हारी भिसे हे लहान शेतकरी. बैलजोडी ठेवण्याची ऐपत नाही आणि कोळपणी तर वेळेवर व्हायला हवी. ही अडचण त्यांच्या एकट्याची नव्हती, ती तुमच्याआमच्यातल्या अनेकांची आहे. एकदा एक माणूस सायकलवर जड पोती लादून ती सहज ढकलत नेताना त्यांनी पाहिला. अशी माणसे आपणही रोज पाहतो. भिशांनी मात्र मनाशी विचारले, एवढे ओझे जर हे चाक नेते, तर माझ्या कोळप्याची पास का ओढणार नाही?

त्यांनी सायकलीचा पुढचा भाग घेतला. चाक, चिमटा, हॅण्डल. त्याला मागे लोखंडी जोड देऊन कोळप्याची पास बसवली. माणसाने मागे उभे राहायचे, हॅण्डल धरायचे आणि ढकलत चालायचे. पुढे चाक, मागे पास. त्यांनी त्याला ‘कृषिराजा’ असे नाव दिले. खेड्यातल्या अशा शोधांची नोंद ठेवण्यासाठी 2000 साली नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही संस्था निघाली. तिने या अवजाराची दखल घेतली. आज महाराष्ट्रात सायकल कोळपे हा शब्द इतका रुळला आहे की ते नवे अवजार आहे असे कोणाला वाटतही नाही.

यात मोठे ते काय, असे तुम्ही विचाराल. मोठे हे, की बहुतेक पिकांत पेरणीनंतरचे पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस तणाच्या बाबतीत निर्णायक असतात. त्या दिवसांत तणाने पिकाचे खत आणि पाणी खाल्ले, तर नंतर कितीही खुरपा, गेलेले परत येत नाही. बैलजोडी नसलेला शेतकरी शेजाऱ्याच्या जोडीची वाट पाहतो. शेजारी आधी आपले रान उरकतो, आणि तोवर पाऊस येतो. ही आठ दिवसांची दिरंगाई पिकाला नडते. घरचे कोळपे असले की वाफसा आला त्या सकाळी रानात जाता येते. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे जुनी माणसे म्हणत, ते उगीच नव्हे. वरचा थर मोकळा झाला की जमिनीतली ओल टिकते.

आणि दुसरी गोष्ट घरच्या लक्ष्मीची. खुरपणी बहुतेक बायकाच करतात. दिवसभर उकिडवे बसून, पुढे सरकत सरकत. संध्याकाळी त्याच कमरेने चूल पेटवायची. सायकल कोळप्याने दोन ओळींमधले तण उभ्याने निघते. ओळीतले, रोपाजवळचे तेवढे हाताने काढायचे उरते. कष्ट संपत नाहीत, पण निम्मे बसणे वाचले तरी कमरेला कळते.

करून पाहायचे असेल तर

यासाठी तुम्हाला जुन्या सायकलीचे पुढचे चाक, चिमटा आणि हॅण्डल, दोन-तीन हात लोखंडी पट्टी किंवा अँगल, आणि गावचा लोहार किंवा वेल्डिंगवाला हवा.

पास ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याची करा. ते पोलाद चिवट असते आणि धार धरते. दोन ओळींत पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर असेल, तर बावीस ते पंचवीस सेंटिमीटरची पास पुरे. दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर जागा सुटली पाहिजे, नाहीतर तणाबरोबर पिकाच्या मुळ्याही कापाल. पास जोडाला कायमची डकवू नका. पट्टीला तीन-चार भोके पाडून नट-बोल्टने बसवा, म्हणजे खोली कमीजास्त करता येते आणि पास झिजली की बदलताही येते.

हॅण्डल कमरेच्या उंचीवर यावे. चालवणारा उंच असेल तर वेगळे आणि ठेंगणा असेल तर वेगळे. घरात दोघे चालवणार असतील तर हॅण्डलही सरकते ठेवा. खाली असले तर पाठ वाकते, वर असले तर जोर लागत नाही.

चालवताना एकसारखे रेटत राहू नका. दोन पावले पुढे, थोडे मागे, पुन्हा पुढे, अशी लय धरली की दम टिकतो. तण दोन-तीन पानांवर असतानाच चालवा. गुडघाभर वाढलेल्या तणात आणि सुकून कडक झालेल्या काळ्या रानात हे चालत नाही. तिथे आजही बैल लागतात. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे नंतर अवजाराला दोष नको.

बुलेटला औत

सायकलीच्या पुढची पायरी मोटारसायकलीची. ती गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगाणींनी चढली. 1994 च्या सुमारास त्या भागात दुष्काळ होता. बैलांना वैरण नव्हती. जगाणींनी त्या काळी मिळणारी डिझेलवरची एनफिल्ड बुलेट घेतली, तिचे मागचे चाक काढले आणि त्या जागी दोन चाकांचा सांगाडा बसवला. त्याला मागे औताची दांडी. तिला नांगर लावा, पेरणीचे नळे लावा, कोळप्याची पास लावा. तिकडे औताला सांती म्हणतात, म्हणून हिचे नाव बुलेट सांती पडले. एक एकर रान साधारण अर्ध्या तासात आणि दोन लिटर डिझेलमध्ये होते, असा तिचा हिशेब सांगतात. जगाणींना या शोधाचे पेटंट भारतात मिळाले आणि अमेरिकेतही मिळाले. सौराष्ट्रातल्या एका खेडेगावच्या कारागिराचा कागद अमेरिकेच्या दप्तरात लागला, ही काही लहान गोष्ट नाही.

पायडलवर धुणे, पायडलवर मका

आता घरात येऊ. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात रेम्या जोस नावाची शाळकरी मुलगी होती. आई आजारी पडली आणि घरच्या धुण्याचा भार बहिणींवर आला. शाळा लांब, वेळ थोडा. तिने पत्र्याच्या पेटीत जाळीचे आडवे पिंप बसवले आणि ते सायकलीच्या चेनने पायडलला जोडले. कपडे साबणाच्या पाण्यात दहा मिनिटे भिजवायचे, मग तीन-चार मिनिटे पायडल मारायचे. घाण पाणी सोडून द्यायचे, स्वच्छ पाणी घ्यायचे आणि पुन्हा पायडल. वीज नको, धोपटणे नको. 2005 साली तिला या शोधाबद्दल नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला. शाळेत जाणाऱ्या मुलीला हे सुचले ते काम तिच्या अंगावर पडले म्हणून. ज्याच्या हाताला काम लागते त्यालाच त्याची सोपी वाट दिसते. तेव्हा घरातल्या मुलीने काही जोडाजोड करून पाहिली, तर ‘हे तुझे काम नव्हे’ असे म्हणू नका.

पायडलचा हाच उपयोग दूर अमेरिका खंडात ग्वाटेमाला देशातही झाला. तिथले मुख्य पीक मका. सान आंद्रेस इट्झापा या गावात माया पेडल नावाची संस्था जुन्या सायकली जमवून त्यांची घरगुती यंत्रे करू लागली. मक्याची कणसे सोलायचे यंत्र, मका भरडायचे जाते, विहिरीचे पाणी उपसायचा पंप. हा पंप तुम्हाला लगेच समजेल. एका लांब दोरीला ठरावीक अंतरावर रबराच्या चकत्या ओवतात. दोरी पाण्यात बुडून पाइपातून वर येते आणि प्रत्येक चकती आपल्यावरचे पाणी वर ढकलते. आपल्या जुन्या रहाटगाडग्याचाच हा भाऊ. गाडग्यांच्या जागी चकत्या आणि बैलाच्या जागी पायडल.

मलावीतली पवनचक्की

आता आफ्रिकेतली गोष्ट ऐका. तिथेही शेतकऱ्याचेच घर आहे.

मलावी हा मक्यावर जगणारा देश. 2001 आणि 2002 साली तिथे भीषण दुष्काळ पडला. विल्यम काम्क्वांबा तेव्हा चौदा वर्षांचा होता. घरी शेती, पदरी बहिणी. दिवसातून एकदा, रात्री जेवण, आणि तेही प्रत्येकाच्या वाट्याला तीन घास. बापाला फी भरता येईना, म्हणून शाळा सुटली.

शाळा सुटली तरी मुलगा गावच्या लहानशा वाचनालयात जात राहिला. इंग्रजी नीट येत नव्हते, म्हणून तो चित्रे बघून अर्थ लावी. एका पुस्तकात त्याला पवनचक्कीचे चित्र दिसले. वाऱ्यावर पाणी उपसता येते, हे त्याला समजले. पाणी मिळाले तर वर्षाला दोन पिके, आणि दोन पिके म्हणजे पुन्हा उपास नाही. हा त्याचा हिशेब होता.

मग तो भंगारात शिरला. ट्रॅक्टरचा जुना पंखा आणला, मोटारीच्या शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा आणला. बापाची मोडकी सायकल होती, ती घेतली. प्लास्टिकचा पाइप आगीवर मऊ करून सपाट केला आणि त्याची पाती केली. भोके पाडायला गिरमिट नव्हते, तर खिळा मक्याच्या बुरकुंडात खोचला, आगीत लाल केला आणि त्याने भोके पाडली. सायकलीचा डायनामो मित्राच्या मदतीने मिळवला. निलगिरीच्या वाशांचा पाच मीटर उंच मनोरा उभा केला. गावातले लोक म्हणू लागले, पोराला वेड लागले. वारा आला, पाती फिरली, सायकलीचे चाक फिरले आणि त्याच्या हातातला दिवा पेटला. हसणारे सगळे गप्प झाले.

यातली आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. घरात तारा ओढल्यावर त्या एकमेकींना चिकटून आग लागण्याची भीती होती. या मुलाने खिळ्यांना तार गुंडाळली, मध्ये लोहचुंबक ठेवले आणि तारा चिकटल्या तर वीज आपोआप तुटेल असा खटका तयार केला. दिवा लावणे ही हौस झाली. खटका बसवणे हे शहाणपण झाले.

खरे बोलायचे तर त्या पहिल्या पवनचक्कीने दुष्काळ हटवला नाही, पाणीही उपसले नाही. तिने घरात दिवे लावले, रेडिओ लावला आणि शेजाऱ्यांचे मोबाइल भरून दिले. पण त्या दिव्याच्या उजेडात जगाला तो मुलगा दिसला. 2007 साली टांझानियातल्या एका सभेत तो बोलला, मदतीचे हात पुढे आले. पुढे घरी सौर पंप बसला, शाळा पुन्हा सुरू झाली आणि 2014 साली तो अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला.

कुठे थांबायचे, तेही शिका

इतके वाचल्यावर काहींचे हात शिवशिवू लागतील. म्हणून चार सावधगिरीच्या गोष्टी.

पायडलवर काय होईल आणि काय होणार नाही, याचा हिशेब आधी करा. धडधाकट माणूस तासभर टिकेल अशा बेताने पायडल मारतो, तेव्हा साधारण पंचाहत्तर वॉट शक्ती निघते. पाच हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे तीन हजार सातशे तीस वॉट. म्हणजे ती मोटर जे करते त्याला पन्नास माणसांना एकदम पायडल मारावे लागेल! तेव्हा पायडलवर परसातली भाजी भिजेल, ऊस भिजणार नाही. कणसे सुटतील, दिवा लागेल, धुणे होईल. तेवढेच मागा.

चेन आणि चकती उघडी ठेवू नका. साडीचा पदर, धोतराचा सोगा आणि लहान मुलांची बोटे यांना चेन ओळखत नाही. पत्र्याचे झाकण घालाच.

डायनामोची वीज थोडी असते, तिच्याशी खेळता येते. खांबावरच्या विजेशी कधीही खेळू नका. तिथे जाणता वायरमनच हवा.

शेतात चालते ते रस्त्यावर चालेलच असे नाही. उत्तरेकडे पंपाचे इंजिन गाड्याला बसवून ‘जुगाड’ नावाची वाहने निघाली. ना नोंदणी, ना धड ब्रेक, आणि वर माणसे खच्चून भरलेली. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी बेकायदा वाहने रस्त्यावरून हटवण्यास सांगितले. स्वस्त म्हणून जीव स्वस्त करू नये.

आणि शेवटची गोष्ट. औषध फवारणीचे रिकामे डबे आणि बाटल्या यांचा दुसरा उपयोग शोधू नका. कितीही धुतले तरी विष राहते. त्यात पाणी, तेल, धान्य, दूध काही भरू नका. त्यांना भोक पाडून निकामी करा आणि मुलाबाळांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. टाकाऊतून टिकाऊ हे खरे, पण सगळेच टाकाऊ टिकाऊ करायचे नसते.

जोडलेले सांगत जा

आपल्या गावोगावी असे कितीतरी हिकमती लोक आहेत. कोणी मोडक्या पंपाचा भाग दुसरीकडे बसवतो, कोणी जुन्या टायरची गव्हाण करतो. त्यांचे नाव बांधापलीकडे जात नाही. म्हातारा गेला की हिकमतही जाते. अहमदाबादचे प्राध्यापक अनिल गुप्ता आणि त्यांच्या सोबत्यांनी 1980 नंतरच्या दशकात ‘हनी बी नेटवर्क’ म्हणजे मधमाशीचे जाळे सुरू केले, ते याच कारणाने. मधमाशी मध घेते, फुलाचे काही बिघडवत नाही आणि एका फुलाचा पराग दुसऱ्याला नेऊन देते. शेतकऱ्याकडून युक्ती घ्यावी, त्याचे नाव राखावे आणि ती दुसऱ्या शेतकऱ्यापर्यंत न्यावी, हा त्यामागचा विचार. गावची पायी शोधयात्रा करून त्यांनी अशा असंख्य युक्त्या नोंदवल्या आहेत.

हे काम तुम्हीही करू शकता. शेजाऱ्याचे अवजार पाहून तसे केलेत, तर ‘अमक्याचे पाहून केले’ असे चारचौघांत सांगा. त्यात कमीपणा नाही. तुमचे कोणी मागितले तर माप द्या, लोहाराचे नाव द्या, काय चुकले तेही सांगा. पहिल्यांदा पास अरुंद झाली की रुंद झाली, हे सांगितलेत तर दुसऱ्याचे लोखंड वाचते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत होऊ नये. नवे अवजार घ्यायला कर्ज काढण्याआधी घरात काय पडले आहे ते पाहा आणि त्याला एकच प्रश्न विचारा. तुझे नाव काय, हे विचारू नका. तुला फिरता येते का, ओढता येते का, उचलता येते का, एवढे विचारा. उत्तर आले तर लोहाराकडे चला. मृगाला अजून वेळ असेल तोवरच चला. पाऊस पडल्यावर लोहाराच्या दारात रांग असते.